पाहुण्या गाई

मोगाका साहेबांच्या ऑडिट फर्ममध्ये उमेदवारांना खुर्ची नसे. झेरॉक्स मशीनच्या शेजारी भिंतीला लागून एक बाकडं होतं. त्यावर तिघांनी बसायचं, फायली मांडीवर घ्यायच्या आणि मशीनचं झाकण उघडलं की डोकी बाजूला करायची. असे सहा महिने काढले की तिघांतल्या एकाला खुर्ची मिळे. खुर्ची म्हणजे नोकरी, आणि चार-पाच वर्षांनी ताळेबंदाखाली स्वतःची सही. उरलेल्या दोघांशी मोगाका साहेब हात मिळवत, आणि तो हातसुद्धा घाईत असे.

सेमेयान त्या बाकड्यावर पाचवा महिना काढत होती. दिवसा फर्म, संध्याकाळी नैरोबी विद्यापीठात एम.कॉम.चे वर्ग, मग किटेंगेलाची शेवटची मटाटू, म्हणजे आमच्याकडची वडाप. ऑडिटच्या पेपरात ती वर्गात पहिली आली होती. पण बाकड्यावरचे दुसरे दोघंही आपापल्या वर्गात पहिलेच होते. पहिल्यांची काय, खोगीरभरती असते. खुर्ची एक होती आणि सेमेयानला ती हवी होती, इतकी की झोपेतही सेमेयान त्या खुर्चीभोवती फेऱ्या मारी.

अशात सोइतपुसचं काम आलं. काजिआडोच्या पुढे, डांबर संपतं त्याच्याही पुढे, आमच्या मासाई लोकांची एक पशुपालक संस्था आहे. सभासदांनी आपापली जनावरं एकत्र करून मोठा कळप केलेला. दूध थंड ठेवायच्या टाकीसाठी त्यांनी बँकेकडे अर्ज केला, आणि बँक म्हणाली, आधी हिशेब तपासून आणा. आता त्या हिशेबात दुसरं होतं काय? गाईच गाई.

"गोदामातला माल मोजतो तसंच," मोगाका साहेब म्हणाले. "फाटकात उभं राहायचं, एकेक जनावर बाहेर सोडायचं, बोट ठेवून मोजायचं. दोघांचे आकडे जुळले, रजिस्टरशी जुळले, की काम झालं. सेमेयान, तू मासाई ना? तू चल. भाषा तुला येते. काही अडचण?"

अडचण होती, आणि ती सेमेयानला पक्की ठाऊक होती. आमच्यात गाई मोजत नाहीत. मोजल्या की नजर लागते, नजर लागली की कमी होतात. पोरांचंही तसंच. ती सहा वर्षांची असताना आजीच्या काटेरी कुंपणाच्या वाडग्यात शेळ्यांवर बोट ठेवून शाळेतली उजळणी म्हणत होती. आजीनं धावत येऊन ते बोट मुठीत धरलं आणि म्हणाली होती, "बोट आत. ज्यांना ओळखतो त्यांना मोजायचं नसतं." ती मूठ सेमेयानला अजून आठवत होती.

पण बाकड्यावरचे दोघं ऐकत होते. मोगाका साहेब मासाई नव्हेत, किसी जमातीचे, कडक इस्त्रीचे, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांच्यापुढे "सर, नजर लागते" असं म्हणायचं?  आपण गावंढळ ठरू, खुर्ची हातची जाईल.

"काही नाही, सर," ती म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ सगळ्यांनाच महागात पडणार होती.

शुक्रवारी सकाळी ते सोइतपुसला पोचले. कळपाचा कारभारी परमुआत, सत्तरीचा, काठीसारखाच सरळ म्हातारा, वाडग्याच्या तोंडाशी उभा होता. सेमेयाननं पुढे होऊन मान वाकवली, त्यानं तिच्या डोक्यावर तळवा टेकवला. मोगाका साहेबांनी हात पुढे केला. म्हाताऱ्यानं तोही धरला. पाहुणा होता बिचारा.

फाटकाचे काटे बाजूला झाले, पहिली गाय बाहेर आली. मोगाका साहेबांनी तर्जनी उगारली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एक. दोन. तीन..."

गुराखी एकमेकांकडे बघायला लागले. दूध काढून बाहेर पडणाऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवला. अकराव्या गाईला परमुआतनं काठी आडवी टाकली.

"साहेब, बोट आत घ्या," तो मासाईत म्हणाला, आणि सेमेयान मधे उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगू लागली.

"का? काय झालं?"

"मोजायचं नाही."

"अहो, पण मी त्यासाठीच आलोय."

"मग उगीच आलात. चहा घ्या आणि जा."

"हे बघा आजोबा, मोजल्याशिवाय सही नाही. सही नाही तर टाकी नाही."

"मग टाकी नको," परमुआत शांतपणे म्हणाला. "दूध आधी नासत होतं, अजून नासेल. दूध गेलं तर उद्या पुन्हा येतं. गाय गेली तर दूध काय तुमच्या टाकीतून काढू?"

मोगाका साहेब वळले. त्यांच्या बुटावर शेण उडालं होतं आणि कान लाल झाले होते.

"सेमेयान, तुला हे माहीत होतं?"

हीच वेळ होती. पण जीभ माणसाची असली तरी वेळेला ती माणसाचं ऐकतेच असं नाही. "नाही, सर," ती म्हणाली. "मी शहरात वाढले."

साहेबांनी गाडीचं दार उघडलं. "तू इथंच राहा. सोमवारी नऊ वाजता माझ्या टेबलावर आकडा पाहिजे. कसा आणायचा ते तू बघ. नाही आला, तर एका महिन्यानं हात मिळवण्यापेक्षा सोमवारीच मिळवू." आणि धुळीचा लोट मागे ठेवून ते गेले.

परमुआत स्वाहिली बोलत नसला तरी त्याला ती चांगली कळत होती. तो सेमेयानजवळ येऊन उभा राहिला.

"शहरात वाढलीस म्हणे?"

"हो, आकुई." आजोबांना आम्ही आकुई म्हणतो.

"मग मघाशी माझ्यापुढे मान वाकवली ती कुणी?"

 भरदिवसा, सगळ्यांसमोर तिला रडू आलं, आणि म्हाताऱ्यानं ते न बघितल्यासारखं करून बायकोला हाक मारली. त्याची बायको नोन्किशू तिला आपल्या घरी घेऊन गेली आणि पुढ्यात वाळक्या भोपळ्याचा, दुधानं भरलेला तुंबा ठेवला.

दुपारी संस्थेचा कारकून तिपापे आला. गावात दहावी झालेला तो पहिला, त्यामुळे हिशेब त्याच्या गळ्यात पडलेले. त्यानं आजूबाजूला बघून शर्टाच्या आतून कोकोचा डबा काढला. डब्यात घेवड्याचे दाणे होते.

"मी मोजत नाही," तो कुजबुजला. "गाय बाहेर गेली की एक दाणा टाकतो. घरी जाऊन दाणे मोजतो. दाण्यांना कसली नजर? तीनशे बारा. बैल, खोंड, कालवडी सगळं धरून. तेच रजिस्टरमध्ये आहे. लिही तू आणि जा घरी. फक्त म्हाताऱ्याला सांगू नकोस, डबा घेवड्यासकट उकळायला लावेल."

सेमेयानला हसू आलं, आणि मोहही झाला. का होऊ नये? आकडा आयता डब्यात होता. पण त्यांच्या वर्गाला शिकवणारे न्झिओका सर म्हणत, दुसऱ्यानं मोजलेलं 'मी मोजलं' म्हणून लिहिणारा ऑडिटर नव्हे, कारकुनाचा कारकून. शिवाय सकाळचं एक खोटं अजून तिच्या घशात अडकलेलं होतं. दुसरं गिळायला जागा नव्हती.

"नको, भाऊ. पण डबा जपून ठेव, लागेल."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती नोन्किशूबरोबर दूध काढायला गेली. म्हातारी एकेका गाईला हाक मारी, आणि त्या गर्दीतून नेमकी तीच गाय मान वळवून येई.

"ये गं सांबू. आज पाय नको झाडूस, पाहुणी आहे घरात. केरी, तू थांब, तुझी बहीण आधी. नाडो, तू तर गाभण, तुझं काय काम इथं? आईवर गेलीस अगदी, तीही अशीच तोंड वेंगाडायची."

"येयो," सेमेयाननं विचारलं, येयो म्हणजे आई, "तुम्हाला सगळ्यांची नावं माहीत आहेत?"

"माझ्या वाट्याच्या आहेत त्यांची. बाकीच्यांची बाकीच्या बायकांना. बैलांची म्हाताऱ्याला." मग नोन्किशू तिच्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या आईला तुम्ही किती भावंडं ते मोजावं लागतं का गं? जेवायला कोण आलं नाही ते कळतंच ना?"

सेमेयान तिथंच उभी राहिली. मग पिशवीकडे धावली. फर्मचे छापील कागद काढले, समासात आधीच ओळींचे सलग आकडे छापलेले, पानाला चाळीस ओळी. ते घेऊन ती परमुआतपुढे बसली.

"आकुई, मी मोजणार नाही. तुम्ही फक्त नावं सांगाल? नाव, रंग, आई कोण."

"नावं सांगायला काय जातंय? लोक विचारत नाहीत, हेच दुःख आहे." मग त्यानं डोळे बारीक केले. "पण तुझं बोट?"

"बोटात पेन असेल. तोंड कागदाकडे."

"आणि हे आकडे?"

"ते छापखान्यात पडले. गाई बघायच्या आधीच."

म्हातारा कागद उलटसुलट करून बघत राहिला. "छापखान्याची नजर लागत नाही," अखेर त्यानं निकाल दिला. "लिही."

आणि मग जे सुरू झालं ते शनिवारी दिवसभर चाललं आणि रविवारी दुपारी संपलं. एकेक जनावर समोर आणायचं, ज्याला त्याची ओळख त्यानं ती सांगायची. सगळी वस्ती गोळा झाली. मोठी सांबू, कबरी, डावं शिंग मोडलेली, दुष्काळात नदीकाठी जन्मलेली. तिची मुलगी धाकटी सांबू, आईपेक्षा गरीब. नारोक, काळी कुळकुळीत, हिनं तरसाला लाथ मारली होती. नारोकच्या आईवरून दोन बायकांचं भांडण जुंपलं आणि ते मिटेपर्यंत सेमेयाननं दोन कप चहा प्यायला. लिहिता लिहिता तिला मजा वाटायला लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिला खुर्चीची आठवण आली नाही.

शनिवारी दुपारी एक भुरी गाय समोर आली. सेमेयाननं नाव लिहिलं आणि तिची नजर कानाकडे गेली. बाकी सगळ्यांच्या कानाला खालून काप होता, हिच्या वरून.

"येयो, हिचा कान वेगळा कापलाय."

"असणारच. ती आमची कुठं? पाहुणी आहे."

"पाहुणी म्हणजे?"

"लोइटोकिटोककडच्या व्याह्यांची. त्यांच्याकडे गवत नव्हतं, म्हणून धाडली. दूध आम्ही प्यायचं, वासरू त्यांचं. विकायची नाही, कापायची नाही. ही एकच नाही, आहेत अजून."

सेमेयानचा पेन थांबला. न्झिओका सरांच्या वर्गात तिनं चार वेळा लिहून काढलं होतं: वस्तू आहे का, हा एक प्रश्न, आहे ती कोणाची, हा दुसरा. परीक्षेत त्याला पाच मार्क होते. तिला पाचही मिळाले होते, पण तो प्रश्न असा कान हलवत समोर येऊन उभा राहील असं तिला वाटलं नव्हतं. तिनं कागदावर पट्टीनं एक नवा रकाना आखला, "कोणाची", आणि आधी लिहिलेल्या सगळ्या ओळी पहिल्यापासून पुन्हा विचारायला घेतल्या. लोक कुरकुरले. परमुआतनं दटावलं, "विचारतेय ती. सांगा."

रविवारी शेवटचं जनावर झालं तेव्हा छापखान्याचा आकडा तीनशे बारावर होता. तिपापे मागं उभा राहून डबा छातीशी धरून असा हसत होता की म्हाताऱ्याला संशय यावा. पण नव्या रकान्यात चौदा पाहुण्या होत्या.

"आकुई, कोणी राहिलं का?" तिनं विचारलं.

"घरात होते त्यांचं झालं," परमुआत म्हणाला. "पाहुण्या गेल्यात त्यांचं राहिलं की. लिही. पुसी, निळसर राखाडी, माझ्या मेव्हण्याकडे..."

अशा नऊ निघाल्या, बाहेर लोकांकडे चरायला दिलेल्या, संस्थेच्या स्वतःच्या. तिपापेच्या डब्यात त्यांचे दाणे कधी पडलेच नव्हते, कारण त्या कधी फाटकातून गेल्याच नव्हत्या. सेमेयाननं तिथल्या तिथे फोन लावले. सात ठिकाणी माणसं भेटली, त्यांनी रंग आणि आईचं नाव बरोबर सांगितलं. दोन ठिकाणी रेंज नव्हती. त्या दोन ओळींपुढे तिनं "बघायचं आहे" असं लिहिलं. तीनशे बारामधून चौदा गेल्या, नऊ आल्या. तीनशे सात.

सोमवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना ती मोगाका साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. त्यांनी पहिला गठ्ठा उघडला, शेवटच्या ओळीचा आकडा बघितला, रजिस्टर बघितलं, आणि त्यांचा चेहरा सैल पडला.

"तीनशे बारा. जुळलं. मोजू दिलं तर शेवटी." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ती गप्प राहिली असती तर ते काम तिथंच संपलं असतं. खुर्चीही कदाचित तिथंच मिळाली असती. 

"सर, थांबा. मोजलं नाही. आणि जुळलेलं नाही. गठ्ठ्याखालचं पान बघा."

त्यांनी बघितलं. चौदा बघितल्या, नऊ बघितल्या. मग परत पहिल्या पानावर गेले आणि मोडक्या शिंगाच्या सांबूपासून वाचायला लागले, सावकाश, ओठ हलवत. बाहेर झेरॉक्स मशीन तीनदा सुरू होऊन बंद झालं.

"मी फाटकात मोजल्या असत्या तर?"

"तीनशे बारा आल्या असत्या, सर. रजिस्टरशी तंतोतंत जुळल्या असत्या. आणि आपण सही केली असती."

मोगाका साहेबांनी टोपण परत लावलं. "हे शेवटचं पान कसलं?"

शेवटच्या पानावर तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी त्या मोठ्यानं वाचल्या. "या समाजात जनावरं मोजत नाहीत, हे कामाची आखणी करताना मला माहीत होतं. हसं होईल म्हणून मी सांगितलं नाही. शुक्रवारी विचारल्यावर खोटं बोलले. त्यामुळे पहिला दिवस वाया गेला." त्यांनी वर बघितलं. "हे पान तू घातलं नसतंस तर मला कळलंही नसतं."

"नसतं कळलं, सर. पण पुढच्या वर्षी जो जाईल तो फाईल वाचून जाईल. त्यात हे नसलं तर तोही बोट घेऊन जाणार."

 त्यांनी सगळी पानं फाईलला लावली आणि म्हणाले, "राहिलेल्या दोन गाई गुरुवारी बघून येऊ. जा आता, कामाला लाग." सेमेयान बाकड्यावर जाऊन बसली. खुर्चीचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, आणि हातही मिळवला नव्हता. तीन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी त्या दोन गाई सापडल्या, दोन वेगवेगळ्या डोंगरांआड, रंगाला आणि कानाला बरोबर. परतताना ते सोइतपुसला थांबले. मोगाका साहेब या वेळी जुने बूट घालून आले होते आणि त्यांनी दोन्ही हात खिशात ठेवले होते. परमुआतनं ते बघितलं. त्यानं एक वासरू ओढत आणलं, सोमवारी जन्मलेलं, तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका.

"ही कालवड तुझी," तो सेमेयानला म्हणाला. "आमच्या वाट्याच्या नाडोची. वाढवीन मी. आजपासून तू मला एन्तावुओ म्हणायचं, मी तुला म्हणीन. कालवड देणारा आणि घेणारा एकमेकांना तसंच म्हणतात, मरेपर्यंत."

सेमेयानचा हात पुढे गेलाच होता. "तिला घेता येणार नाही," मोगाका साहेब घाईनं म्हणाले. तिनं त्याचं मासाईत भाषांतर करावं म्हणून ते थांबले, पण म्हाताऱ्यानं थेट स्वाहिलीत विचारलं, "का?" पहिल्यांदाच.

"ऑडिटरला तपासणीच्या ठिकाणाहून भेट घेता येत नाही. नियम आहे."

"कमाल आहे. तुम्ही लोक मोजता पण घेत नाही, आम्ही घेतो पण मोजत नाही." परमुआतनं काठीवर रेलून साहेबांकडे बघितलं. "पण ही पोर कुठं ऑडिटर आहे? ती म्हणत होती, हिला तुमच्याकडे बसायला खुर्चीसुद्धा नाही."

सेमेयानला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोगाका साहेबांनी घसा खाकरला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, वासराकडेच बघत राहिले.

"आहे ती ऑडिटर," ते म्हणाले. "एक तारखेपासून. खुर्ची सांगितली आहे."

 नोन्किशू हसायला लागली, आणि तिच्यामागोमाग सगळ्या बायका. सेमेयानचे डोळे भरून आले. या वेळी तिनं ते लपवले नाहीत, आणि म्हाताऱ्यानंही न बघितल्यासारखं केलं नाही.

"बरं," परमुआत म्हणाला, "गाय नको तर नको. संस्थेला देतो. नाव तेवढं तुझं ठेवतो, त्याला तरी पावती लागत नाही ना?"

मोगाका साहेबांनी बराच विचार केला. "नाही," ते म्हणाले, "नावाला नाही."

हिशेबाची तारीख उलटून गेली होती, त्यामुळे ते वासरू या वर्षीच्या यादीत बसत नव्हतं. सेमेयाननं पिशवीतून पुढच्या वर्षीसाठी एक कोरा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या ओळीवर लिहिलं: सेमेयान. तांबडी, कपाळावर ठिपका, नाडोची मुलगी. आणि "कोणाची" या रकान्यात, हात जरा रेंगाळला तरी, तिनं "संस्थेची" असंच लिहिलं.